वजनकाट्यापासून ऑफिसपर्यंत : सिरियल लाइनचा खरा खर्च

जिनिंग असो, साखर कारखाना असो की धान्याचं मोठं गोदाम, वजनकाटा असतो फाटकाशी आणि हिशेबाचा संगणक आत ऑफिसात. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन बाहेर येतं ते आरएस-२३२ पोर्टातून, आणि त्याचा भरवसा साधारण १५ मीटरपर्यंतच. साधं लॅनचं जाळं १०० मीटरला थांबतं. म्हणून दोनशे-तीनशे मीटरच्या अंतरासाठी आजही शॉर्ट-हॉल मोडेमची जोडी किंवा आरएस-४८५ कन्व्हर्टरची जोडी हा स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे. पीळ दिलेल्या तारांच्या जोडीवरून कमी वेगाला आरएस-४८५ १२०० मीटरपर्यंत जातं. काट्याला लागणारा ९६०० बॉडचा वेग त्यात आरामात बसतो.

पैसा कुठे जातो

कोटेशन मागितलं की आधी यंत्राच्या किमतीवर घासाघीस होते. मोठा खर्च मात्र जमिनीत असतो. २५० मीटरच्या कामाचा जीएसटी सोडून अंदाज असा धरा. दर गावागणिक बदलतील, प्रमाण फारसं बदलत नाही.

- आयसोलेटेड कन्व्हर्टर, अॅडॉप्टरसह, दोन नग : ६,००० रुपये
- शील्ड असलेली दोन जोड्यांची तांब्याची केबल, २७० मीटर, ५० रुपये दराने : १३,५००
- एचडीपीई पाइप, २५० मीटर, ३५ रुपये दराने : ८,७५०
- चर खणून बुजवणे, ८० रुपये मीटर : २०,०००
- दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर : ३,०००
- तंत्रज्ञाची मजुरी : ३,०००

एकूण ५४,२५० रुपये, त्यावर जीएसटी वेगळा. यातले ४२,२५० रुपये केबल, पाइप आणि खोदकामाचे आहेत. नामांकित आयात मोडेमची जोडी घेतली तर यंत्राचा आकडा वीस हजारांच्या पुढे जातो. एका काट्यासाठी तिची सहसा गरज पडत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा : फाटकापर्यंत इंटरकॉमची जुनी केबल गेलेली आहे का? तिच्यात दोन मोकळ्या, धड जोड्या निघाल्या तर काम बारा हजारांच्या आसपास उरकतं. त्या जोड्या एक्स्चेंजपासून पूर्ण तोडलेल्या हव्यात. फोनच्या लाइनवर ४८ व्होल्ट असतात, घंटीच्या वेळी त्याहूनही जास्त, आणि तेवढ्याने कन्व्हर्टर जळतो.

खरेदी करताना

पाचशे रुपयांचा बिन-अॅडॉप्टरचा कन्व्हर्टर दुकानदार आवर्जून दाखवेल. तो वीज घेतो पोर्टाच्या आरटीएस-डीटीआर पिनांवरून. काट्याच्या इंडिकेटरला बहुधा तीनच तारा असतात : टीएक्स, आरएक्स आणि ग्राउंड. मग त्याला वीज मिळायची कुठून? काट्याच्या टोकाला अॅडॉप्टरवर चालणाराच घ्या. तो आयसोलेटेडही हवा, कारण फाटक आणि ऑफिस यांचं अर्थिंग वेगवेगळं असतं आणि पावसाळ्याच्या आगेमागे विजा कडाडतात. विजांचा त्रास नेहमीचा असेल तर फायबरचाही दर मागवा. खोदकाम तेवढंच लागतं आणि धातूची तार यंत्रांना जोडत नाही.

केबल तांब्याचीच आहे ना, हे मल्टिमीटर सांगतो. एका टोकाला जोडीच्या दोन्ही तारा एकत्र पिळा आणि दुसऱ्या टोकाला रेझिस्टन्स मोजा. २४ गेजची तांब्याची २५० मीटर जोडी ४२ ते ४६ ओहम दाखवेल. त्याच जाडीची तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असेल तर आकडा दीडपटीच्या आसपास जातो. ही चाचणी केबल चरात जाण्याआधीच करून घ्या.

जोडणी

१. इंडिकेटर उघडू देऊ नका. त्यावर वैधमापनशास्त्र विभागाचं सील असतं. काम बाहेरच्या पोर्टावरच व्हावं.

२. पाठवणारी पिन ओळखा. मल्टिमीटर डीसीवर ठेवा, काळी तार ५ नंबरच्या पिनेवर आणि लाल तार आळीपाळीने २ व ३ वर लावा. डेटा जात नसताना जिथे उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसतील ती पाठवणारी. तिची जागा कन्व्हर्टरच्या इनपुट पिनेशी जुळत नसेल तर २ आणि ३ उलटवा, किंवा मोडेमवरचं डीटीई-डीसीई बटण बदला.

३. चार तारांच्या पद्धतीत एका मोडेमचे टी-प्लस, टी-मायनस दुसऱ्याच्या आर-प्लस, आर-मायनसला जातात, आणि उलट दिशेलाही तसंच. प्लस आणि मायनस एकाच पिळाच्या जोडीत हवेत : निळा आणि पांढरा-निळा. एक तार निळ्या जोडीतली आणि दुसरी नारिंगी जोडीतली घेतली की पिळाचा फायदा संपतो आणि मोटार सुरू झाली की आकडे बिघडतात.

४. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

५. बॉड, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट इंडिकेटरवर जसे असतील तसेच सॉफ्टवेअरमध्ये भरा. इंडिकेटर तीन तारांचा असेल तर फ्लो कंट्रोल बंद ठेवा. स्क्रीनवर वेड्यावाकड्या खुणा आल्या तर आधी हीच मांडणी तपासा.

पैसे देण्याआधी

फाटकाकडच्या मोडेमवर लाइनच्या बाजूने टी-प्लस आर-प्लसला आणि टी-मायनस आर-मायनसला जोडायला सांगा. ऑफिसातल्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये टाइप केलेलं प्रत्येक अक्षर परत आलं म्हणजे तारांची दोन्ही दिशांची वाट धड आहे. मग तारा पूर्ववत करून भरलेला ट्रक काट्यावर घ्या आणि इंडिकेटरचा आकडा स्क्रीनशी ताडून पाहा. सगळ्या मोटारी चालू असतानाही पाहा.

बिलावर केबलचा प्रकार, गेज आणि मीटर लिहून घ्या, यंत्राची वॉरंटीही. व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येत सहसा बसत नाही. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. बाकीच्यांचा आधार लेखी करार हाच. म्हणून दहा-पंधरा टक्के रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत हातात ठेवण्याची अट ऑर्डरमध्येच घाला. चरातल्या जोडाची कसोटी त्याच पावसात लागते.