कोतूळचं पाणी बघा, मग धबधब्याला निघा

राहुरीत पावसाळा आधी पेपरात येतो. आपल्याकडे आभाळ भरून येतं, वारं सुटतं आणि ढग तसेच पुढे निघून जातात. पण मुळा धरणाचा साठा मात्र रोज चढत असतो. आंबीत भरलं, पिंपळगाव खांड भरलं, कोतूळला मुळेतून इतके क्युसेक वाहताहेत, असं वाचून शेतकरी आवर्तनाचा हिशेब मांडतो. शनिवारी पहाटे भंडारदऱ्याला नाहीतर हरिश्चंद्रगडाला निघणाऱ्यांनीही तोच आकडा वाचावा, असं माझं सांगणं आहे. बीपी आणि शुगर तपासतो तसाच तोही एक तपासणीचा आकडा समजा.

दरवर्षी आषाढ लागला की दवाखान्यात विचारणा सुरू होते. "डॉक्टर, धबधब्याला चाललोय, सोबत कोणत्या गोळ्या घेऊ?" गोळ्यांचं मी पुढे सांगतो. पण या सहलीत जीव जातो तो बहुतेक वेळा पाण्याने, आणि त्यावर गोळी नाही.

राहुरीला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, तो पाच हजारांच्या घरात जातो. दहा पट! त्यामुळे पाऊस म्हणजे काय, याचा आपला अंदाज सपाटीवरचा असतो. धबधब्याखाली तुम्ही उभे असता तिथे ऊन पडलेलं असेल, पण पाणी येतं ते वरच्या पठारावर पडलेल्या पावसाचं. वर सर कोसळली की काही मिनिटांत ओढा फुगतो. रंधा धबधब्याची गोष्ट आणखी वेगळी. तो भंडारदरा धरणाच्या खाली, प्रवरेवर आहे. धरणातून विसर्ग वाढवला की आभाळ कोरडं असलं तरी तिथलं पाणी चढतं. सांदण दरीत तर पावसाळ्यात उतरायचंच नाही. दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती, आणि पाण्याला जायला वाट तीच जिथे तुम्ही उभे आहात.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एकमेकांना घट्ट धरून ते प्रवाहात उभे होते, ते दृश्य मोबाइलवर राज्यभर पाहिलं गेलं. माणसं एकमेकांना धरून उभी राहिली म्हणून पाण्याचा जोर कमी होत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की धडधाकट माणसाचाही पाय सुटू शकतो, आणि खाली शेवाळ असेल तर त्याच्याही आधी. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, वरून येणारा आवाज बदलला, तर त्याच क्षणी बाहेर पडायचं. चपला, बॅग, सेल्फी स्टिक जिथे असेल तिथे राहू द्या. आणि मुळात ओढा ओलांडून पलीकडे डबा उघडून बसायची हौस पावसाळ्यात नको. परतीची वाट आहे त्याच काठावर बसा.

आपल्याकडची बरीच मंडळी विहिरीत पोहायला शिकलेली. डोक्यावरून उडी मारणारे, तळ गाठून येणारे. त्यांचीच मला जास्त धास्ती वाटते. विहिरीचं पाणी उभं असतं. धबधब्याच्या डोहात पाण्यात हवा मिसळून फेस झालेला असतो, तो अंगाला तोलत नाही. हात मारावा तर पकड मिळत नाही, आणि वरून पडणारी धार माणसाला पुन्हा पुन्हा खाली दाबते. डोहातले खडक तर दिसतच नाहीत. शिवाय धारेबरोबर वरून दगड येतात. लिंबाएवढा दगड पन्नास-साठ फुटांवरून डोक्यात बसला तर काय होतं, ते मी इथे वर्णन करत नाही. थेट धारेखाली उभं राहू नका. दारू घेऊन पाण्याजवळही जाऊ नका.

कुणी बुडालंच, तर उडी मारण्याआधी दोर, ओढणी, काठी, रिकामा पाण्याचा कॅन, हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका. बाहेर काढल्यावर आपल्याकडे हमखास जे केलं जातं ते करू नका: पालथं पाडून पोट दाबणं, पाय धरून उलटं टांगणं. त्याने पोटातलं पाणी आणि अन्न उलटून श्वासनलिकेत जातं आणि लाखमोलाची मिनिटं वाया जातात. माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास घेत नसेल, तर उताणं झोपवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळव्याने जोरात दाबा, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर खाली जाईल असं. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. बुडालेल्याला आधी हवा हवी असते, म्हणून इथे श्वास टाळून चालत नाही. मदत येईपर्यंत थांबू नका. तो शुद्धीवर आला, उठून बसला, चहा मागू लागला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. त्याने उडी मारली असेल किंवा तो उंचावरून पडला असेल, तर मान न वळवता, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून हलवा.

आता गोळ्या. मधुमेह असलेल्यांचा घोटाळा ठरलेला असतो. पहाटे चारला निघायचं, म्हणून साखरेची गोळी घरीच घेतली जाते आणि नाष्टा संगमनेरला, कधी थेट राजूरला. मध्ये तीन तास! त्यात ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल, आणि वर लगेच चढण, तर साखर कोसळायला एवढं पुरतं. गोळी आणि नाष्टा यांची जोडी फोडू नका. नाष्टा समोर आला की गोळी घ्या. घाम, थरथर, विनाकारण चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणं. लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा; बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नका. दिवसभर चढ-उतार झाल्यावर साखर रात्रीही उतरते, तेव्हा जेवण चुकवू नका आणि झोपण्याआधी एकदा बघा. श्रावणी सोमवारी उपवास धरून रतनवाडीच्या अमृतेश्वराला किंवा हरिश्चंद्रेश्वराला जाणारे मधुमेही मला दरवर्षी भेटतात. दर्शन जरूर घ्या, पण उपवास आणि गडाची चढण एकाच दिवशी नको. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आणि तळपायाला बधिरपणा असेल तर अनवाणी कुठेही उतरू नका, हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यातही नाही. खडा रुतलेला कळणार नाही, कळेल तेव्हा जखम चिघळलेली असेल.

पंचेचाळिशी ओलांडली आहे, बीपी आहे, तंबाखू सुटलेली नाही, अशांनी आधी तीन मजले न थांबता चढून बघावेत. धाप इतकी लागली की बोलता येईना, किंवा छातीवर दाब आला, तर ट्रेक बाजूला ठेवा आणि तपासणी करून घ्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या रस्त्यांवर सकाळी चालणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण ते चालणं सपाटीचं. गडावरून उतरताना गुडघे आणि मांड्या दुखतात त्या वेगळ्याच कामाने. महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोनदा जिने चढा-उतरा. जमलं तर मांजरसुंबा किंवा गोरक्षनाथ गड एखाद्या रविवारी करून बघा. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम असं वाटेत झालं, तर त्याला 'गॅस' म्हणून सोडा पाजत बसू नका. तिथेच बसवा, चालवत खाली आणू नका, 108 ला फोन करा. या भागात रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून कोणत्या गावापर्यंत रेंज आहे ते गाइडला किंवा गावकऱ्यांना आधीच विचारून ठेवा.

'उंचीवर ऑक्सिजन कमी पडेल का' ही भीती मात्र सोडा. कळसूबाई 1,646 मीटर. उंचीचा आजार सहसा अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो, तो हिमालयात जाणाऱ्यांचा प्रश्न. आपल्याकडे त्रास देते ती थंडी, आणि तीही भर पावसाळ्यात. जीन्स आणि सुती टी-शर्ट एकदा भिजले की दिवसभर वाळत नाहीत. त्यात माथ्यावरचा वारा. वीस अंश तापमानातही अंग भराभर गार पडतं. थरथर ही पहिली पायरी. पुढे बोलणं जड होतं, पाय अडखळतात, बोटांना गाठ मारता येत नाही, आणि नेमकी थरथर थांबते. ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे, धोका वाढल्याचं आहे. ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण द्या, डोकं झाका, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा पाजा. दारूने ऊब येते हा निव्वळ भ्रम. कातडीत रक्त जास्त येतं आणि अंगातली उष्णता उलट लवकर जाते. लहान मुलं सर्वांत आधी गारठतात, त्यांचा कोरड्या कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या.

घाटात मळमळणाऱ्यांनी अ‍ॅव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी. गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, झोप येते. घोटा मुरगळला आणि चार पावलंही टाकता येत नसतील, तर तेल चोळू नका, एक्स-रे काढा. साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नाही; तो हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि रुग्णालय गाठा. भंडारदरा परिसरातून राजूरचं ग्रामीण रुग्णालय जवळ पडतं. साप मारून सोबत आणू नका.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. वर गुरं चरतात, वस्त्या आहेत. जुलाब लागले तर ओआरएसची पाकिटं कामी येतात. पाकीट पुरं एक लिटर पाण्यात, अर्धं अर्ध्यात असला अंदाजपंचे कारभार नको.

सहलीहून आल्यावर आठ-दहा दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, ताप येतो आणि तोवर धबधबा विसरून गेलेला असतो. पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या पाण्यातून चाललात, तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते: पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, पुढे कावीळ होते, लघवी कमी होते. गवतावर बसलात, तंबूत झोपलात, तर बारीक किड्याच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो; जांघेत, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली शोधा. दोन्ही आजार लवकर ओळखले तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुसं धरतात. ती गोळी मनाने घेऊ नका, गरोदर बाईला तर अजिबात देऊ नका. तापासाठी पॅरासिटामॉल पुरे. डेंग्यूची शंका मिटेपर्यंत ब्रुफेन, डायक्लोफेनॅक टाळा. आणि डॉक्टर कोणीही असोत, त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. कुठे गेला होतात, कोणत्या तारखेला भिजलात, पायाला जखम होती का, हे आधी सांगा.