कॉलेजचा फुटबॉल संपला, पुढं काय?

‘बी.ए. झालं, कॉलेजकडून फुटबॉलही खेळून झालं. आता पुढं काय?’ भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या घरांत या प्रश्नाला ठरलेलं उत्तर मिळतं : पोलीस भरतीची तयारी कर. ती जरूर करावी. पण चांगला खेळाडू लहान मुलांचा प्रशिक्षकही होऊ शकतो, हा विषय घरात निघतच नाही.

उदाहरण जवळचंच आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडा शिक्षक होते. 2001 साली भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली मुलं त्यांना दिसली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. ‘झुंड’ (2022) या सिनेमातली अमिताभ बच्चन यांची भूमिका बारसे सरांवरच बेतलेली. पालकांनी मात्र त्यापुढचं पाहावं. याच संस्थेत घडलेले अखिलेश पॉल 2010 साली रिओतल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये (बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत) भारताचे कर्णधार होते आणि पुढं मुलांचे प्रशिक्षक झाले.

खेळता येतं म्हणजे शिकवता येतं, असं नाही. दहा वर्षांची वीस पोरं एका रांगेत उभी करून एकच चेंडू दिला, की मागची पोरं ढकलाढकली सुरू करतात. जाणता प्रशिक्षक चार-चारचे गट पाडतो, छोटे गोल मांडतो. चेंडू प्रत्येकाच्या पायाशी सारखा येत राहतो. ही हातोटी शिकूनच येते.

शिकायच्या वाटा

• अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे परवाने : सुरुवातीच्या टप्प्यावर ‘डी’, पुढं ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि ‘प्रो’.

• बी.पी.एड. : पदवीनंतर सीईटी, त्यात मैदानी चाचणीही असते. माध्यमिक शाळेत क्रीडा शिक्षक व्हायचं तर ही पदवी लागते.

• पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था (एनआयएस) : प्रशिक्षणाचा डिप्लोमा आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्स.

पैशाचं काय?

सुरुवातीला बहुधा शाळेचं मानधन आणि संध्याकाळच्या वर्गाची फी, एवढ्यावरच भागवावं लागतं. कायम जागा थोड्या. म्हणून पदवी अर्धवट सोडू नये. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्यात चालत नाही. आपलं चालतं का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्यावं.

फी भरण्याआधी एक करा. सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेची तयारी करणाऱ्या एखाद्या शाळेत मुलाला किंवा मुलीला सरांच्या हाताखाली मदतीला पाठवा. हजेरी घेणं, कोन मांडणं, रडणाऱ्याला समजावणं, हरलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर आणणं, सगळं करू द्या. सीझनभर कुणी न उठवता पहाटे मैदानावर जात असेल, तर ‘डी’ परवान्याचा फॉर्म बिनधास्त भरा. चार दिवसांत कंटाळला, तर तुमची फी वाचली आणि त्याचं एक वर्ष.