घाटातली सायकल

सायकल कुणाला ठाऊक नाही? दुधाचे कॅन, गवताचा भारा, शाळेला निघालेली पोर, सारे तिच्यावर बसते. पण घाट आला की भले भले खाली उतरतात.

आम्हीही उतरलो आहोत. १९७९ साली आम्ही दोघे मित्र ओतूरवरून माळशेज घाटाने मुरबाडकडे गेलो. येताना सायकली ढकलीत वर आणल्या. पाणी खालीच संपले होते. पायांत गोळे आले.

आता घाट अमेरिकेतला, पण माणसे आपल्या शेजारच्या नाशिकची. डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे सख्खे भाऊ. २०१५ साली ते तिथल्या मोठ्या सायकल शर्यतीत उतरले. पश्चिमेच्या समुद्रापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटर जायचे. जोडीला मुदत नऊ दिवसांची. एक भाऊ सायकलवर, तोवर दुसऱ्याने विसावा घ्यायचा. रात्रंदिवस अशी पाळी.

शर्यत कॅलिफोर्निया राज्यात ओशनसाइड गावी सुरू होते. समुद्राचा वारा गार. पण लगेच डोंगर लागतात. रस्ता चढत चढत सुमारे १२०० मीटर उंचीवर जातो. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. मग एकदम उतार! सोळा-एक किलोमीटरांत हजार मीटर खाली. तिथे बोरेगो स्प्रिंग्ज गाव आणि भोवती वाळवंट. जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो.

समुद्र इतका जवळ, आणि वाळवंट कसे? आपलाच जिल्हा पाहा. अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडीला पाऊस कोसळतो. पाथर्डी-कर्जतला मात्र आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. डोंगर ढगांचे पाणी अलीकडेच काढून घेतो. तिथेही तेच. फरक एवढाच, की तिकडचा बराचसा पाऊस हिवाळ्यात पडतो.

असा चढ चढायचा कसा? शर्यतीच्या सायकलला गियर असतात. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या असतात. चेन मोठ्या चकतीवर घेतली की पायडल हलके जाते. मात्र पाय जास्त फिरवावे लागतात नि सायकल हळू चालते. पोते एकदम उचलण्याऐवजी धान्य पाटीपाटीने न्यावे, तसेच हे. पाणीही तहान लागण्याआधीच घोट घोट घ्यायचे. घामातून मीठ जाते, म्हणून पाण्यात थोडे मीठ नि साखर असलेली बरी.

आम्हाला विचाराल तर भीती चढाची नाही, उताराची. ब्रेक एकसारखा दाबून धरला की चाकाची रिंग तापते, ब्रेकचे रबर झिजते. वळण येण्याआधीच वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक दाबावे, सोडावे, पुन्हा दाबावे. माळशेज उतरताना आमच्या मित्राच्या ब्रेकचे रबर निघून पडले. पाय घाशीत तो कसाबसा थांबला. चपलेचा तळ गेला. दरी पलीकडच्या अंगाला होती म्हणून वाचला. घरून निघताना त्या रबराकडे आम्ही कुणी पाहिलेच नव्हते.

महाजन बंधू नऊ दिवसांच्या आत पूर्व किनाऱ्यावर ॲनापोलिसला पोचले. पुढे २०१७ साली लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. एकट्याला मुदत बारा दिवसांची असते.