एका कळजोडीचे दोन धनी

धार आणि देवास येथील पवार संस्थानांच्या आश्रयाने माळव्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत घरची मराठी, बाजारातली हिंदी आणि कचेरीतली इंग्रजी असे तिहेरी लेखन एकाच बैठकीत चालते, त्यामुळे संगणकावर कळमांडणी, म्हणजे कोणत्या कळीने कोणते अक्षर उमटावे याचा तक्ता, सतत बदलावी लागते. हा बदल आणि इतर हुकूम कळजोडीने, म्हणजे एकत्र दाबलेल्या कळांनी, देता येतात. लिनक्सवर अशा जोड्या स्वतः नेमता येतात आणि बिघाड बहुधा तेथेच होतो.

देवासमधील एका लेखनकामात ऑल्ट-शिफ्ट ही जोडी मांडणीबदलासाठी, तर ऑल्ट-शिफ्ट-डी ही मजकुरात तारीख घालण्यासाठी नेमलेली होती, आणि दुसरी काही केल्या चालेना. दुरुस्तीवाल्याने एकही चाचणी न करता ‘कीबोर्ड गया’ असा निकाल दिला, नव्या कीबोर्डचे पैसे घेतले आणि त्यानेही काम होईना तेव्हा सगळा दोष लिनक्सच्या माथी मारून विंडोज टाकण्याचा आग्रह धरला. तो जुना कीबोर्ड आजही निर्दोष चालतो, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

उलगडा झाला तो पडद्याच्या वरच्या पट्टीकडे लक्ष गेल्यावर: डीवर बोट पडण्याआधीच तेथील इंग्रजीची खूण जाऊन मराठीची आलेली असे. एक्स-११ या जुन्या पडदाव्यवस्थेत मांडणीबदल कळ सोडताना नव्हे, तर दाबताच होतो, त्यामुळे ऑल्ट-शिफ्टपासून सुरू होणारी लांब जोडी पूर्ण होण्यापूर्वीच तिचा आरंभ दुसऱ्याच्या ताब्यात जातो. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ पर्यंत एकाच गावात नांदवणाऱ्या देवासला एका जागेचे दोन धनी नवे नाहीत, पण तेथे हद्दी ठरलेल्या होत्या. मांडणीबदल सुपर-स्पेसवर, म्हणजे विंडोजची खूण असलेली कळ आणि स्पेस या जोडीवर, नेताच तारीख उमटू लागली.

अशा वेळी प्रथम ‘एक्सेव्ह’ हा कळांच्या नोंदी दाखवणारा छोटा कार्यक्रम चालवावा. साधी कळ दाबल्यावर तिची नोंद दिसली, तर ती कळ शाबूत आहे. जोडी दाबल्यावर कळीच्या नोंदीऐवजी खिडकीचे लक्ष सुटल्याची नोंद आली, तर ती जोडी दुसऱ्या कार्यक्रमाने आधीच धरून ठेवली आहे. वेलँड या नव्या व्यवस्थेत, जी उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून बहुतेक यंत्रांवर मूळ म्हणून दिली, ‘एक्सडूटूल’सारखी जुनी साधने वेलँडवर थेट चालणाऱ्या खिडक्यांत सहसा अक्षरे घालू शकत नाहीत, तेव्हा तिथला दोष जोडीत शोधू नये. ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपमध्ये जोडीला नेमलेली आज्ञा शेलमधून, म्हणजे आज्ञांचा अर्थ लावणाऱ्या दुभाष्यातून, जात नाही, म्हणून घरच्या फोल्डरची लाटचिन्हासारखी संक्षिप्त खूण किंवा आज्ञा जोडणारी उभी रेघ असल्यास ती आज्ञा शेलच्या नावाने गुंडाळून द्यावी. धीर धरावा, एका वेळी एकच बदल करावा, सेटिंगची प्रत आधी काढून ठेवावी. आणि कीबोर्ड बिघडला असे कोणी सांगितले, तर पैसे देण्यापूर्वी ‘एक्सेव्ह’मधली नोंद त्याच्याकडूनच वाचून घ्यावी.