जानुपृष्ठगत ग्रंथी : दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि वैद्याचे काम

गुडघेदुखीचा रुग्ण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वैद्यास नवा नाही. निंदणात तासन्‌तास उकिडवे बसणे, डोक्यावर ओझे घेऊन काळ्या जमिनीत चालणे यांमुळे जानुसंधीची झीज झालेल्या स्त्री-पुरुषांची आपल्याकडे रोजच ये-जा असते. यांपैकी काही रुग्ण गुडघ्याच्या मागे लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी गाठ दाखवितात. मांडी घालता येत नाही, उकिडवे बसताच मागे तटतटते, एवढीच बहुधा तक्रार असते. या गाठीस आधुनिक शास्त्रात बेकर्स सिस्ट म्हणतात. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम मोरंट बेकर यांनी १८७७ साली तिचे सविस्तर वर्णन केले म्हणून त्यांचे नाव रूढ झाले. तत्पूर्वी १८४० मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी ती नोंदविली होती.

बेकर यांचे खरे श्रेय नावात नसून निरीक्षणात आहे. गाठीतील द्रव सांध्यातूनच मागे येतो व मूळ विकार सांध्यात असतो, हे त्यांनी ओळखले. आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया याच सूत्रावर उभी आहे.

संप्राप्ती

गुडघ्याच्या मागे आतील बाजूस, पोटरीच्या स्नायूचे आतले शीर्ष आणि मांडीच्या मागून येणारा सेमिमेम्ब्रेनोसस स्नायू यांच्यामध्ये एक लहान स्नेहकोष असतो. अनेक प्रौढांत तो फटीसारख्या छिद्राने सांध्याशी जोडलेला असतो. कूर्चा झिजली, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातील गादी फाटली किंवा आमवातासारखा शोथ झाला की सांध्यात द्रव वाढतो. गुडघा हलताना दाबाने तो मागील कोषात ढकलला जातो. छिद्रावरील पातळ पडदा मात्र झडपेसारखा वागतो; द्रव मागे जाऊ देतो, परत येऊ देत नाही. कोंडलेला द्रव घट्ट होत जातो आणि कोष फुगतो.

सुश्रुतोक्त ग्रंथींपैकी एखादे नाव या गाठीस देऊन लेप सुरू करण्याचा मोह होतो. ते पुरेसे नाही, कारण हिचे मूळ त्वचा-मांसात नसून संधीत आहे. क्रोष्टुकशीर्ष हा स्वतः जानुसंधीचा शोथ होय. तोही हिचा पर्याय नव्हे. सुश्रुतांचा एक निर्देश मात्र येथे फार उपयुक्त आहे. शमन न होणारी अपक्व ग्रंथी काढून टाकावी असे ते सांगतात, पण ती मर्मस्थानी नसेल तरच. जानु हे संधिमर्म असून वैकल्यकर आहे व त्याच्या आघाताने खंजता येते, हे आपण सर्व जाणतो. गुडघ्यामागून जाणारी मुख्य धमनी, सिरा व नाडी लक्षात घेतली म्हणजे त्या अटीचे मर्म कळते.

परीक्षण

रुग्णास उभे करून गुडघा ताठ ठेवण्यास सांगावे. बेकर्स सिस्ट ताठ गुडघ्यात कठीण लागते आणि गुडघा अर्धा वाकविताच मऊ होते किंवा नाहीशी होते. ही साधी परीक्षा फूशे यांच्या नावाने ओळखली जाते व तीस कोणतेही यंत्र लागत नाही. गुडघा वाकवूनही जी गाठ तशीच कठीण राहते, तिच्याविषयी अर्बुदाचा संशय घ्यावा. स्पंदन लागले तर ती धमनीचा फुगवटा असू शकते. मर्मस्थ सिराज ग्रंथी वर्ज्य सांगितली आहे तिचे येथे स्मरण व्हावे. अशा गाठीस सुई, शस्त्र, अग्निकर्म काहीही लावू नये. निश्चितीसाठी सोनोग्राफी पुरते. सांध्यातील मूळ विकार पाहण्यास एमआरआय लागतो. लहान मुलांतील गाठ बहुधा सांध्याच्या विकाराविना होते व कालांतराने आपोआप जिरते. तेथे पालकांना धीर देणे हीच चिकित्सा.

जुन्या व नव्या शस्त्रक्रियेतील भेद

पूर्वी गुडघ्यामागे लांब छेद घेऊन गाठ समूळ काढीत असत. परंतु सांधा तसाच राही, द्रव पुन्हा झिरपे आणि गाठ पुन्हा येई. स्वीडनच्या रॉशनिंग व लिंडग्रेन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अशा शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक गुडघ्यांत गाठ पुन्हा आढळली. नुसता द्रव ओढून काढल्यासही हाच अनुभव येतो.

दुर्बिणीच्या पद्धतीत क्रम उलटा आहे. कमरेत भूल देऊन गुडघ्याच्या पुढील बाजूस अर्ध्या सेंटिमीटरची दोन छिद्रे घेतात. सुमारे चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण आत घालून प्रथम सांधा तपासतात. फाटलेली गादी असल्यास छाटतात किंवा शिवतात, सुटे तुकडे काढतात. नंतर दुर्बीण दोन अस्थिशीर्षांमधील खाचेतून मागील-आतील कप्प्यात नेतात. तिच्या प्रकाशात त्वचेखालील सिरा टाळून मागे तिसरे छिद्र घेतात, झडपेचा पडदा शोधतात व फिरत्या कातरयंत्राने तो काढून छिद्र रुंद करतात. पिवळसर, चिकट द्रव सांध्यात उतरतो आणि कोंडी फुटते. मुख्य धमनी व नाडी गाठीच्या बाहेरील बाजूस असल्याने यंत्राचे तोंड तिकडे वळू न देणे, यातच शल्यकाचे कौशल्य आहे. कोषाची भित्तीही काढावी की नाही यावर अद्याप एकमत नाही; काढल्यास पुनरुद्भव कमी होतो, पण रक्त साचणे आदी उपद्रव वाढण्याचा संभव असतो.

सांधा पूर्ण झिजला असेल तर मात्र या शस्त्रक्रियेने वेदना जातील अशी आशा रुग्णास दाखवू नये. न दुखणाऱ्या गाठीस तर शस्त्रक्रियेची गरजच नाही. वजन कमी करणे, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, उकिडवे बसणे टाळणे आणि संधिगत वाताची आपली चिकित्सा यांना प्रथम अवसर द्यावा. अडचण टिकली तर पाठवावे. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सावंगी व सेवाग्रामची रुग्णालये आहेत. उमरखेडकडील रुग्णास नांदेड जवळ पडते. दुर्बिणीची सोय व शासकीय योजनेचा लाभ यांची आधी चौकशी करूनच रुग्णास प्रवासाचा खर्च करावयास लावावा.

सुजलेली पोटरी

गाठ कधी कधी फुटते. द्रव पोटरीत उतरून ती एकाएकी सुजते, लाल होते, ठणकते. क्वचित घोट्याखाली निळसर चंद्रकोर दिसते. हेच चित्र खोल सिरेत रक्ताची गुठळी झाल्यासही दिसते, आणि दोन्ही विकार एकत्रही असू शकतात. केवळ हाताने हा भेद करता येत नाही. अशा पोटरीस अभ्यंग, मर्दन किंवा घट्ट पट्टी केली आणि आत गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून डॉप्लर सोनोग्राफी होईपर्यंत तेलाचा हात लावू नये. रुग्णास त्याच दिवशी पाठवावे, दम लागत असल्यास तत्काळ.

औषधविक्रेत्यांना हे विशेष सांगावेसे वाटते, कारण असा रुग्ण पुष्कळदा प्रथम त्यांच्याकडेच येतो व मलम, वेदनाशामक गोळी आणि क्रेप पट्टी मागतो. एकच पोटरी सुजली आहे काय, एवढा प्रश्न विचारावा व होकार आल्यास वस्तू न देता चिकित्सकाकडे धाडावे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णास वेदनाशामक परस्पर देऊ नये. शस्त्रक्रियेस जाणाऱ्या रुग्णाजवळ आपण दिलेल्या गुग्गुळकल्पांसह सर्व औषधांची चिठ्ठी असावी. परतल्यावर जानुबस्ती किंवा अभ्यंग टाके निघून व्रण पूर्ण रूढ झाल्यावर, शल्यचिकित्सकास विचारूनच सुरू करावे. मांडीचे व्यायाम मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवसांपासून चालू ठेवावेत.