अल्टरनेटर ठीक, मग बॅटरी उतरते कशी?

प्रश्न : माझ्या दहा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीची बॅटरी दीड वर्षात दोनदा बदलली. तरीही गाडी चार दिवस उभी राहिली, की सेल्फ मारल्यावर नुसती कटकट ऐकू येते. गॅरेजवाल्याने अल्टरनेटरला मीटर लावून १४.३ व्होल्ट दाखवले आणि तो ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग बॅटरी उतरते कशी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मीटर अल्टरनेटरला लावला, बॅटरीला नाही. खरी गोम तिथेच आहे. पुष्कळ गाड्यांत रेग्युलेटर फक्त अल्टरनेटरच्या टोकावरचा दाब बघतो. तिथे १४.३ भरले की त्याच्या लेखी काम झालं. वाटेत व्होल्ट-सव्वा व्होल्ट गळत असेल, तर त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बॅटरीला १३ व्होल्टच मिळत राहतात, ती कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि वर्षभरात नवी बॅटरी निकामी होते.

म्हणून आधी बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर मोजा, वरच्या क्लॅम्पवर नको. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ हवेत. (अलीकडच्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नये.)

बॅटरीवर आकडा कमी आला, तर गळती शोधायची. हेडलाइट आणि ब्लोअर लावा, कुणाला तरी ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टला, दुसरं बॅटरीच्या प्लसला लावा. ०.३ पेक्षा जास्त आलं, तर ती वायर, तिचा जोड किंवा मोठा फ्यूज सदोष. मग एक टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. इथे ०.२ च्या आत असलं पाहिजे. हे करताना ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा.

ही दुसरी चाचणी गॅरेजमध्ये हमखास राहून जाते, आणि तुमच्या गाडीत माझा संशय तिच्यावरच आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून वीज जात नाही, त्यामुळे परतीचा सगळा करंट एका अर्थिंगच्या पट्टीतून जातो. खाऱ्या हवेत तिचा बोल्ट आतून गंजतो. वरून बघावं तर सगळं घट्ट दिसतं. बोल्ट काढून खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढा, पुन्हा आवळा आणि वरून ग्रीस लावा. खर्च जवळपास नाहीच.

एक कळकळीची विनंती : चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘अल्टरनेटर चेक’ कुणालाही करू देऊ नका. डायनामोच्या काळातली ही सवय आजच्या गाडीत दाब एकदम उसळवते आणि ईसीयू जळू शकतो.

दोन्ही आकडे चांगले आले, तर बंद गाडीत बॅटरी कोण पितंय ते बघायचं. मायनस टर्मिनल सोडवून मधे अँपिअरमीटर जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं, तर एकेक फ्यूज काढत जा. सगळे काढूनही आकडा उतरला नाही आणि बराच वेळ बंद गाडीतही अल्टरनेटर हाताला कोमट लागला, तर त्यातला डायोड गळतोय. गाडी चालू असताना असा अल्टरनेटर १४ व्होल्ट दाखवूही शकतो. तसं निघालं तर तो खुशाल उतरवा, पण आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नुसती डायोड प्लेट बदलून मिळते का ते विचारा. बऱ्याचदा मिळते.