हवा आधी, बटण नंतर

डिसेंबरातली पहाट. नागपूरहून समृद्धी महामार्गावर चढण्याआधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. टायरात हवा कमी असल्याची खूण. थंडीमुळे असेल म्हणून मी स्क्रीनवरून रीसेट करून टाकलं. दिवा गेला. वर्धा मागे पडल्यावर गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या टायरात खिळा होता आणि टायर निम्मा बसला होता. मागच्या सीटवर आई होती. त्या दिवसापासून हे पक्कं लक्षात ठेवलं आहे.

१. रीसेट दिवा विझवण्यासाठी नसतं. माझ्या गाडीत चाकांत हवेचा दाब मोजणारे सेन्सर नाहीत. हवा कमी झाली की टायरचा घेर किंचित घटतो आणि ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं. एबीएसचे सेन्सर तेवढ्यावरून फरक ओळखतात. रीसेट केलं की गाडी समजते, आत्ताची हवा हीच बरोबर. मी तिला खिळा लागलेल्या टायरची हवा प्रमाण म्हणून शिकवली होती. म्हणून आधी चारही चाकांत हवा, मगच बटण.

२. हवा थंड टायरात मोजायची. गाडी तीन तास उभी असावी किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली असावी. तापमान दहा अंशांनी उतरलं तर साधारण दीड-दोन पीएसआय कमी होतात. दुपारी तापलेल्या टायरात आकडा गाठून भरलेली हवा पहाटेच्या गारठ्यात कमीच भरते.

३. भरायचा आकडा सहसा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा, तो भरायचा नव्हे.

४. माझ्यासारख्या गाडीत चारही टायरांची हवा सारखीच हळूहळू उतरली, तर तुलनेला वेगळं चाकच उरत नाही आणि दिवा गप्प राहू शकतो. महिन्यातून एकदा स्वतःच्या गेजने मोजतो. पंपावरच्या प्रत्येक गेजवर माझा भरवसा नाही.

५. दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड बहुधा यंत्रणेतच असतो. हवा भरून तो जात नाही.

६. भावाच्या गाडीत प्रत्येक चाकाच्या व्हॉल्व्हला सेन्सर आहे. टायर रिमवरून काढण्याआधी पंक्चरवाल्याला तसं सांगायलाच हवं, नाहीतर पहारीच्या एका झटक्यात सेन्सर मोडतो. त्याची बॅटरीही काही वर्षांनी संपते.

७. त्या सकाळी रस्त्याच्या पार कडेला गाडी घेतली, आईला कठड्यापलीकडे उभं केलं आणि स्टेपनी काढली. तिच्यातही जेमतेम वीस पीएसआय हवा होती. डिकीत पडलेल्या स्टेपनीवर माझ्या गाडीतला कोणताच सेन्सर लक्ष ठेवत नाही. आता गेज लावतो तेव्हा पहिलं तिलाच.